मागच्या सीटवरची मावशी

मावशी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दुकानामागे एक अरुंद खोली होती. तिथे खिडकीपाशी बसून ती काचा घासायची, मापात आणायची आणि अंगठ्याने हलकेच दाबून फ्रेममध्ये बसवायची. तिला स्वतःला मात्र चष्मा नव्हता. त्यावरून दुकानाचे मालक म्हणायचे, "सगळी गिऱ्हाइकं तुझ्यासारखी निघाली तर मला दुकान गुंडाळावं लागेल."

तिने लग्न केलं नव्हतं. थोरल्या बहिणीच्या दोन मुलांवर, सहा वर्षांच्या चिऊवर आणि तिच्या पाठच्या टिल्लूवर, तिचा फार जीव होता. ताईच्या घरची मंडळी गाडी काढून लांब कुठे निघाली की मागच्या सीटवर मधली जागा मावशीची, हे न बोलता ठरलेलं असायचं. "मावशी असली की गाडीत मुलं आहेत हे विसरायला होतं," असं भावोजी चारचौघांत कौतुकाने सांगायचे. त्यांनी स्वतः मुलांसाठी शोधलेला खेळ एकच, गप्प बसायचा, आणि त्यात अजून कोणी जिंकलं नव्हतं.

मावशीकडे खेळांना तोटा नव्हता. समोरच्या काचेतून सगळ्यात लांबचं जे दिसेल ते आधी ओळखायचं. टेकडीवरचा मनोरा जवळ येईपर्यंत तिथे कोण राहत असेल ते सांगायचं. ढगांचा दवाखाना तर टिल्लूला इतका आवडायचा की तो गाडीत बसायच्या आधीच डॉक्टर व्हायचा.

"त्या जाड्या ढगाला काय झालंय, डॉक्टर?"

"पोट फुगलंय. त्याला शू करायला सांग."

या सगळ्या खेळांत एक गोष्ट सारखी होती. मुलांना नेहमी बाहेर, दूर बघावं लागायचं. चित्रांचं पुस्तक किंवा रंगपेटी मावशी गाडीत कधी काढायची नाही. तिला वाकून जवळचं बघितलेलं सोसायचं नाही, कारण मावशीला गाडी लागायची.

लहानपणापासून लागायची. चिऊएवढी असताना एका लग्नाला जाताना तिने स्वतःच्या नव्या फ्रॉकवर आणि शेजारच्या काकूंच्या साडीवर उलटी केली होती. तेव्हा वडील वैतागून म्हणाले होते, "पुढच्या वेळी हिला घरीच ठेवू." आणि खरंच ठेवलं. सगळे समुद्रावर गेले आणि ही शेजाऱ्यांकडे राहिली. परतल्यावर ताईने तिला शिंपल्यांची माळ दिली. ती माळ तिने कधीच घातली नाही. पुढे कोणी विचारलं की ती सांगायची, "आता नाही लागत." निघण्याआधी न्हाणीघरात दार लावून गोळी घ्यायची, पर्समध्ये लिंबू ठेवायचं आणि नजर लांब लावून बसायचं, असं तिने आयुष्यभर निभावलं होतं.

त्या उन्हाळ्यात भावोजींच्या चुलतभावाने समुद्राकाठी घर घेतलं म्हणून सगळे तिकडे निघाले. सकाळी भावोजींनी सीटची नवी कव्हरं कौतुकाने दाखवली आणि बजावलं, "काही सांडायचं नाही हं."

घाट लागला. टिल्लू दोन ढगांना इंजेक्शन देऊन मोकळा झाला, पण चिऊ बोलेना. मावशीने वळून पाहिलं. चिऊ ओठ मिटून एकसारखी आवंढे गिळत होती. कपाळावर घाम आला होता.

"काय होतंय गं?"

"काही नाही," चिऊ कुजबुजली. "बाबांना सांगू नकोस ना."

"भावोजी, गाडी बाजूला घ्या," मावशी म्हणाली, पण वळण संपेपर्यंत थांबायला जागा नव्हती. तेवढ्यात चिऊला भडभडून उलटी झाली. फ्रॉक, मावशीची ओढणी, नवं कव्हर, काही म्हणजे काही वाचलं नाही.

भावोजींनी गाडी थांबवली. ताईने चिऊचं तोंड धुतलं. भावोजी फडक्याने सीट पुसत चिडून म्हणाले, "आधी सांगायला काय झालं होतं? पुढच्या वेळी हिला आजीकडेच ठेवू."

चिऊने मान खाली घातली.

"मग मलाही ठेवा," मावशी म्हणाली.

"तुला कशाला?"

"मलाही गाडी लागते, भावोजी. आत्ताही डोकं गरगरतंय."

ताई बाटली हातात धरून बघतच राहिली. "तुझं तर लहानपणीच गेलं होतं ना?"

"गेलं नव्हतं गं, ताई. मी सांगायचं बंद केलं होतं."

"आणि आम्ही तुला दर वेळी मागे कोंबत आलो? अगं, बोलायचं तरी!"

"बोलले असते तर नेलं असतंत?"

भावोजींनी फडकं पिळून बाजूला ठेवलं. मग ते चिऊसमोर उकिडवे बसले. "चिऊ, पोटात ढवळायला लागलं की लगेच सांगायचं. मी गाडी थांबवीन. कव्हर धुता येतं. आणि तुला कुठेही ठेवणार नाही."

"मावशीला पण?"

"तिलाही नाही."

त्यांनी जागा बदलल्या. मावशी पुढे बसली, ताई मागे मुलांमध्ये. भावोजींनी काचा उघडल्या आणि वळणं अगदी सावकाश घेतली. मागे टिल्लूने ताईच्या मांडीवर बिस्किटाचा चुरा केला, एक बूट काढून हरवला आणि सापडल्यावर दुसरा हरवला. "तू हे कसं सांभाळायचीस?" ताईने विचारलं. मावशी मान न वळवता पुढूनच खेळ चालवत राहिली. आता लांबचं ओळखण्यात भावोजीही उतरले आणि सारखे जिंकू लागले. बाबा लबाडी करतात, अशी मुलांनी तक्रार केली. ते पोहोचले उशिरा, पण चिऊला पुन्हा उलटी झाली नाही.

त्या मुक्कामात भावोजी म्हणाले, "गाडी चालवणाऱ्याला सहसा लागत नाही. शिकून का बघत नाहीस?" मावशी हसली, पण परतल्यावर तिने शिकवणीत नाव घातलं. सुरुवातीला चौकाचौकांत तिची गाडी बंद पडायची आणि मागचे हॉर्न वाजवून जीव नकोसा करायचे. शिकवणारे गृहस्थ शांतपणे म्हणायचे, "वाजवू दे. त्यांना दुसरं काय येतंय?"

लायसन्स मिळाल्यावर पुढच्या सहलीत सरळ रस्ता लागला तेव्हा भावोजींनी चावी तिच्या हातात दिली. ताई तिच्या शेजारी बसली, भावोजी मागे मुलांच्या मध्ये. थोडा वेळ मावशी खांदे आवळून चालवत होती, मग हळूहळू सैल झाली. बऱ्याच वेळाने तिने एका झाडाखाली गाडी थांबवली.

"काय झालं? मळमळतंय का?" ताईने घाबरून विचारलं.

"नाही गं," मावशी म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. "मला भूक लागलीय. डबा काढ."