कंपनीचं प्लास्टिक

तळ्यावरची माणसं तिला मीटरताई म्हणत. तिला ते नाव मुळीच आवडत नसे, पण तिला काय आवडतं हे विचारण्याची पद्धत ना तळ्यावर होती, ना ऑफिसात, ना घरी.

पाणी तपासण्याच्या कामात तिने उमेदीची सगळी वर्षं घातली होती आणि आता शहराच्या कडेचं मोठं तळं तिच्या गळ्यात पडलं होतं. त्यात मच्छीमारांची सोसायटी मासे वाढवत असे. रोज पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा, आकडा पंपघरातल्या ऑपरेटरला सांगायचा, आणि तो चाराच्या खाली गेला की ऑपरेटरने पाण्यात हवा घुसळणारे पंखे सुरू करायचे, एवढंच काम. मात्र ते पहाटे करायचं. दिवसा पाण्यातलं शेवाळ उन्हावर ऑक्सिजन तयार करतं, आणि अंधारात तेच शेवाळ आणि मासे मिळून तो फस्त करतात. त्यामुळे उजाडायच्या सुमाराला तळ्याला सगळ्यात जास्त धाप लागलेली असते. ही गोष्ट तिने साहेबांना आणि स्टोअरकीपरला इतक्यांदा समजावली होती की आता बोलायला लागली की तिचा तिलाच कंटाळा येई.

"पहाटे मोजा ना, कोण नको म्हणतंय," स्टोअरकीपर म्हणे. "पण स्टोअर दहाला उघडतं."

म्हणजे मीटर घरी नेण्यावाचून इलाज नव्हता. हातात मावेल एवढा डबा, त्याला लांब केबल आणि केबलच्या टोकाला प्रोब. सगळं नाजूकपण त्या प्रोबमध्ये. त्याच्या तोंडावर एक टोपी, टोपीच्या बुडाला कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पडदा आणि आत चमचाभर द्रावण. पडद्याला सुरकुती चालत नाही, द्रावणात बुडबुडा चालत नाही, आणि वापर नसेल तेव्हा ओल्या स्पंजच्या म्यानात ठेवावा लागतो, नाहीतर पडदा सुकतो. जीपचा ड्रायव्हर केबल दोरखंडासारखी कोपरावर गुंडाळायचा. साहेबांनी एकदा अख्खी पेटी भर उन्हात जीपच्या काचेपुढे ठेवली होती. सगळ्यांशी भांडून ती मीटर घरी आणायची आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवायची.

"आम्हाला ताप आला तर गोळी घ्या म्हणतेस," नवरा म्हणायचा, "आणि याचा स्पंज रोज ओला करतेस."

"तुम्ही सुकत नाही," ती म्हणायची.

घरात खरा धोका नवऱ्याकडून नव्हता, सासऱ्यांकडून होता. त्यांना सगळे दादा म्हणत. उभा जन्म त्यांनी घड्याळदुरुस्तीत काढला होता. दुकान बंद झालं, पण हात कुठे निवृत्त होतात? हात सारखे शिवशिवायचे. इस्त्री उघडून झाली, मिक्सर उघडून झाला, दारावरची घंटा उघडून झाली. तेव्हापासून घंटा वाजायची, पण बटण दाबल्यावर नाही, सोडल्यावर. कशाला हात लावू नका म्हटलं की दादा फार गरीब चेहरा करून "नाही गं" म्हणत. ते "नाही गं" ऐकलं की काहीतरी उघडून झालंय हे मीटरताई ओळखायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी एकदा दोन दिवस आभाळ गच्च झाकोळून राहिलं. पाऊस नाही, वारा नाही, नुसता उकाडा. ऊन नाही म्हणजे शेवाळाचं दुकान बंद, म्हणजे तळं उपाशी. तिला रात्रभर नीट झोप लागली नाही. फटफटताना ती पेटी उचलून तळ्यावर पोचली, आणि धक्क्यावर पाय ठेवताच तिला दिसलं: कडेकडेने शेकडो तोंडं पाण्याबाहेर आली होती. मासे वर येऊन हवा गिळत होते. चुपचुप असा बारीक आवाज सगळ्या काठावरून येत होता.

तिने घाईघाईने प्रोब पाण्यात सोडला. डब्याच्या काचेवर एकवीस आकडा आला. मग नऊ. मग चाळीस. मग नुसत्या रेघा.

तिने प्रोब वर ओढला, म्यानातून काढतानाच का नाही पाहिलं म्हणून स्वतःला शिवी दिली, आणि टोपी डोळ्यांजवळ नेली. पडदाच नव्हता. टोपीच्या बुडाला गोल भोक होतं, कडा ब्लेडने कापाव्यात इतक्या नीट कापलेल्या. टोपी फिरवून काढली, तर आतला सोन्याचा ठिपका आणि चांदीची कडी दोन्ही आरशासारखी लखलखत होती. एवढी सफाई जगात एकाच माणसाच्या हाताला जमत होती.

तिने तिथेच घरी फोन लावला. दादांनीच उचलला.

"दादा, माझ्या मीटरला हात लावलात?"

"नाही गं," दादा म्हणाले. मग जरा थांबून, "थोडं पुसलं. काळं पडलं होतं आत. आणि तुम्ही लोकांनी कंपनीचं प्लास्टिकच काढलं नव्हतं! इतकी वर्षं तसंच वापरताय. मी काढलं."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन बंद केला आणि पंपघराकडे धावली.

ऑपरेटर स्टुलावर बसून चहा पीत होता. सरळ माणूस, पण हुकमाचा ताबेदार. मागे एकदा न विचारता पंखे लावले म्हणून विजेच्या बिलावरून त्याला सगळ्यांसमोर झापलं होतं, तेव्हापासून तो आकड्याशिवाय बटणाला बोट लावत नसे.

"पंखे लावा," ती म्हणाली. "सगळे."

"किती आला, ताई?"

"मीटर बिघडलाय. मासे बघा ना काठावर!"

"मासे बघितले मी. पण वर काय लिहून पाठवू? आकडा सांगा."

"अहो, हातच्या काकणाला आरसा कशाला हवा? तोंडं वर काढलीयेत त्यांनी!"

"ते मला कळतंय, ताई. साहेबांना कळत नाही. काहीतरी सांगा ना. तीन म्हणा, मी लिहितो."

तीन म्हणणं किती सोपं होतं! बहुतेक बरोबरही असतं. पण इतकी वर्षं ज्याच्या त्याच्याशी भांडून तिने जे जपलं होतं ते यंत्र नव्हतंच. न मोजलेला आकडा सांगायचा नाही, एवढंच होतं. तिने साहेबांना फोन लावला. साहेब झोपेतच म्हणाले, "रीडिंग काय आहे?" तिने सांगितलं की रीडिंग नाही. "मग रीडिंग घ्या आणि सांगा," साहेब म्हणाले आणि ठेवून दिला.

तिने कपाळावर हात मारला. मग ऑपरेटरला म्हणाली, "बाजूला व्हा," आणि एकामागून एक सगळी बटणं स्वतः दाबली. "लिहा, बाईने लावले. बाईला विचारा."

बाहेर पंखे घरघरायला लागले, पांढरा फेस उडायला लागला. तिच्या पिशवीत दोन नव्या टोप्या होत्या. ती पायरीवर बसली, स्वच्छ पाण्याने दादांचं पॉलिश धुऊन काढलं, टोपीत द्रावण भरलं आणि टोपी गरकन फिरवून बसवली. राग हातात उतरला होता. प्रोब पाण्यात सोडला. सात.

ऑपरेटर मागून डोकावत होता. त्याचा चेहरा उजळला. "सात! सात म्हणजे झकास की. बंद करू?"

"खबरदार!"

"अहो पण आता तर आकडा आहे!"

"तो आकडा खोटा आहे."

"मघाशी आकडा नव्हता तेव्हा लावा म्हणालात. आता आकडा आहे तर खोटा म्हणता. मी करू तरी काय, ताई?" तो रडकुंडीला आला होता, आणि त्याचं काही चूक नव्हतं.

तिने प्रोब उजेडाकडे धरला. पडद्याआड मोहरीएवढा बुडबुडा बसला होता. काढायच्या घाईत टोपीचा पडदा तिच्या नखाने फाटला. आता एकच उरली. तिने हात पुसले, पाण्याकडे पाठ केली, म्हणजे ती तोंडं दिसायला नकोत. द्रावण काठोकाठ भरलं, टोपीला टिचक्या मारून बुडबुडे वर आणले, आणि टोपी इतक्या सावकाश फिरवली की ऑपरेटरने श्वास रोखून धरला. मग हवेत धरून मीटर जुळवला, आणि पंख्यांपासून लांब, धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन प्रोब सोडला व हलकेच हलवत राहिली. आकडा उतरत गेला आणि दोनाच्या जरा वर स्थिरावला.

"दोन," ती म्हणाली.

"बाप रे," ऑपरेटर म्हणाला. त्याने ते लिहिलं, आणि कुणी न सांगता जास्तीचा पंखा ओढत आणून त्या टोकाला लावला.

लव्हाळ्याच्या बाजूचे बरेच मासे गेले. दुपारपर्यंत सोसायटीची माणसं ते टोपल्यांत भरत होती, आणि एका म्हाताऱ्या मच्छीमाराने तिच्याकडे पाहून नुसती मान फिरवली. ते तिला फार लागलं. बाकीचं तळं मात्र वाचलं.

संध्याकाळी घरी जाताना तिने वाटभर वाक्यं जुळवली होती. दारात पोचली तर दादा समोरच उभे.

"चाललं ना मशीन छान?" त्यांनी विचारलं.

जुळवलेली वाक्यं कुठल्या कुठे गेली. लग्न झाल्यापासून ती सासऱ्यांपुढे आवाज चढवून बोलली नव्हती. त्या दिवशी शेजाऱ्यांनी खिडक्या उघडल्या. "ते प्लास्टिक नव्हतं, तो पडदा होता! तोच मोजतो! मासे मेले, दादा!" नवरा मध्ये "अगं, हळू" म्हणाला, तर त्यालाही त्याचा वाटा मिळाला.

दादांनी आत जाऊन आपले स्क्रू ड्रायव्हर, चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग, सगळं डब्यात भरून माळ्यावर टाकलं.

ऑफिसात तिने खरं काय ते लिहून दिलं. उत्तरादाखल हुकूम आला: सरकारी उपकरण घरी नेऊ नये, आणि पहाटेचं रीडिंग कोणत्याही कारणाने चुकवू नये. स्टोअर दहालाच उघडणार होतं. तिने तो कागद ऑपरेटरला वाचून दाखवला. तो पोट धरून हसला आणि म्हणाला, "माझ्या पंपघरात कपाट रिकामं आहे. कुलूप मी आणतो."

तो प्रश्न सुटला, पण घरचा चिघळत गेला. दादा कशालाच हात लावेनात. स्वयंपाकघरातला नळ ठिबकायला लागला. दादा यायचे, नळाकडे बघायचे आणि निघून जायचे. दारावरची घंटा पार मुकी झाली. त्यांच्या लुडबुडीपेक्षा हा अबोला तिला जास्त छळायला लागला. अपराध्यासारखं बघणाऱ्या माणसावर रागावताही येत नाही.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी तिने माळ्यावरचा डबा काढून त्यांच्यापुढे आदळला. त्यावर ऑफिसने मोडीत काढलेला एक जुना प्रोब ठेवला.

"हा मेलेला आहे. याचं काय वाट्टेल ते करा. पण आधी तो नळ बघा, आणि एकदाचं बोला!"

दादांनी प्रोब उचलला, भिंग लावलं. बराच वेळ ते त्यात डोकावून होते. मग हळूच म्हणाले, "हा ऑक्सिजन मोजतो म्हणजे आत ओढून घेतो ना? मग टोकाजवळच्या पाण्यातला संपत नसेल?"

ती थबकली. "संपतो. म्हणूनच पाण्यात हलवत राहावं लागतं."

"मला आधी सांगायचंस," दादा म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी?"

"तेही खरं." त्यांनी मान खाली घातली. "मासे मेले गं माझ्यामुळे."

तिने चहा ठेवला आणि पहिला कप त्यांना दिला. नळ त्यांनी दुपारी दुरुस्त केला; आता तो उलट्या दिशेने फिरवला की बंद होतो.

तळ्यावर पुढची काही वर्षं तिनेच काढली. ऑपरेटर तिच्या हाताखाली असा तयार झाला की कपाट उघडण्याआधी तो तिलाच अडवायचा. "हात धुतलेत का, ताई? परवा केबलला गाठ पडली होती. कोणी पाडली?"

गाठ तिनेच पाडलेली होती. ती मुकाट्याने नळावर जाऊन हात धुवायची.