चाकावरची बांगडी

नोकरी संपली आणि मला घरच्या घरी वाफेचं छोटं इंजिन बनवायचं खूळ लागलं. भिसेगावच्या घरामागे पत्र्याच्या डब्याची भट्टी केली, खालापूरच्या एका गॅरेजातून वितळवायला मोडके पिस्टन आणले. लाकडी चाक पेटीतल्या ओलसर वाळूत दाबून अलगद उचलायचं आणि उरलेल्या खळग्यात वितळलेलं ॲल्युमिनियम ओतायचं. ऐकायला सोपं आहे. बायको कुरकुरत सामील झाली आणि बघता बघता माझ्यापेक्षा जास्त रमली. वाळू ठोकणं तिच्याकडे, आरडाओरडा माझ्याकडे.

एकदा चाक उचलताना तिची बांगडी वाळूत रुतली. ओतलेल्या चाकाच्या कडेवर बारीक वाकडी रेघ उठून आली, शिवाय एक आरा अर्धाच भरला.

"गेलं वाया," मी म्हणालो.

"वाया कसलं? माझी सही आहे ती. असू द्या की."

मी हसलो आणि चाक भंगाराच्या बादलीत टाकलं.

ती गेल्यावर भट्टीकडे फिरकलोच नाही. परवा बादली रिकामी करताना ते चाक हाती आलं. तिथेच पायरीवर बसून रडलो. मग हट्टालाच पेटलो. इंजिनाला चाक लागेल तर या रेघेचंच. अर्धा आरा मेणाने भरून घेतला आणि लाकडी चाकाऐवजी हेच वाळूत दाबलं. अलगद उचललं, खळग्याची कड नेहमीसारखी चमच्याच्या पाठीने नीट केली, पेटी मिटली.

धूर बघून शेजारच्या आजी कुंपणाशी आल्या. "एकटेच काय करताय वो?"

"काय नाय, चाक ओततोय."

"जपून करा रं बाबा. बघायला कोन हाय आता?"

पूर्वी मी वितळलेल्या धातूची मूस धरायचो, ती वर तरंगणारी मळी काढायची. आता मूस खाली ठेवा, मळी काढा, पुन्हा उचला. दोन हात फार कमी पडतात. तरी ओतलं.

गार झाल्यावर पेटी फोडली. चाक असं देखणं, की आजवर माझ्या हातून तसं निघालं नव्हतं. सगळे आरे भरलेले. कडेवरून बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

रेघ नव्हती. वाळूतली तिची खूण खोट समजून मीच चमच्याने पुसून टाकली होती.

ते बिनचूक चाक बादलीत टाकलं. तिचं चाक पुसून वाळूपाशी ठेवलं. पुन्हा ओतायला बसण्याआधी चमचा तेवढा स्वयंपाकघरात ठेवून आलो.