नुसतं रॉजर

गेल्या वर्षी मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास, माझी धाकटी बहीण टॉवर कंट्रोलरच्या रेटिंग परीक्षेत नापास झाली. परीक्षकांनी कागदावर एकच कारण लिहिलं : धावपट्टीबाहेर थांबण्याची सूचना वैमानिकाने पूर्ण परत म्हटली नाही आणि उमेदवाराने ती म्हणवून घेतली नाही. परीक्षा सिम्युलेटरवर होती. पडद्यावरची दोन विमानं एकाच धावपट्टीवर आली, तेव्हा परीक्षकांनी परीक्षा थांबवली.

ही चूक ती करते हे मला अकरा दिवस आधीपासून माहीत होतं.

आम्ही तेव्हा नुकतेच अंबरनाथ पश्चिमेची भाड्याची खोली सोडून बदलापूरजवळच्या खरवईत चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो होतो. घरात चौघं. पप्पा कारखान्यात फिटर होते, आता निवृत्त. आई, मी आणि बहीण. मी एका मराठी दैनिकात डेस्कवर उपसंपादक आहे. ड्युटी दुपारी तीननंतरची, त्यामुळे सकाळ मोकळी. बहीण विमानतळावर प्रशिक्षणार्थी होती. रेटिंग मिळेपर्यंत तिला एकटीने माइक हातात घेता येत नव्हता. शेजारी परवानाधारक बसलेला असे. रेटिंगच्या दोन संधी होत्या. दुसरीही गेली तर टॉवर सुटणार आणि पुन्हा प्रशिक्षण केंद्र.

या नोकरीची जाहिरात घरात पहिल्यांदा मी आणली होती, तिच्या आधी दोन वर्षं. आम्ही दोघंही फिजिक्स घेऊन बीएस्सी. मी लेखी परीक्षा पास झालो. त्यानंतर आवाजाची चाचणी असते. समोर ठेवलेला इंग्रजी उतारा मोठ्याने वाचायचा आणि विचारतील त्याची उत्तरं द्यायची. त्या चाचणीत मी नापास झालो. कारण सांगण्याची पद्धत नाही, मलाही सांगितलं नाही. पुढच्या भरतीपर्यंत माझं वय उलटून गेलं होतं. त्या भरतीत बहिणीने माझीच पुस्तकं वापरली. पेन्सिलीच्या खुणाही माझ्याच होत्या. तिची लेखी, आवाजाची चाचणी, नेमणूक, प्रत्येक निकालाचा पहिला फोन तिने मला केला. तिन्ही वेळा मी अभिनंदन म्हणालो आणि तिन्ही वेळा फोन ठेवून चालायला बाहेर पडलो.

रविवारी आई अंबरनाथच्या विहारात जात असे. एकदा मी तिला आणायला गेलो तेव्हा तिथल्या एक मावशी तिला विचारत होत्या, "काय गं, तुझी पोरगी विमान चालवते म्हणे?"

"चालवत नाही. चालवणाऱ्यांना सांगते, आता उतरा, आता थांबा."

"म्हणजे पायलटच्या पण वरची! आणि मोठा?"

"तो पेपरात असतो."

"पेपर टाकतो?"

आई हसली. मीही हसलो. परतीच्या रिक्षात मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसलो.

सरावासाठी तिला वैमानिक हवा होता. कंट्रोलर आणि वैमानिक एकमेकांना दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. म्हणून ती हॉलमध्ये टेबलाशी बसायची, मी स्वयंपाकघराच्या बाल्कनीत, आणि मध्ये मोबाईलचा कॉल. त्यासाठी हेडफोन घ्यायला आम्ही उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये गेलो होतो. बहिणीने दुकानदाराला, माइक तोंडाजवळ येणारा हवा, असं सांगितलं. तो सिंधी म्हातारा म्हणाला, "दोघं पायलट काय?"

"मी कंट्रोलर. हा पायलट."

"मतलब साहेब ही, ड्रायव्हर तुम्ही," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "साईं, ड्रायव्हरला मजबूत पीस देतो. शिव्या ऐकाव्या लागतात."

बहीण परतीच्या वाटेवर शेअर रिक्षात ते दोनदा बोलली. "ड्रायव्हर, सांभाळून हां."

सराव सकाळी नऊ ते साडेदहा. विमानतळ आमच्या मनातला, धावपट्टी एकच. टेबलावर प्रत्येक विमानासाठी कागदाची एक पट्टी. विमानांची नावं तिने आसपासच्या जागांवरून ठेवली होती : खरवई वन, बारवी टू, कात्रप थ्री. तिन्हींचे आवाज मीच काढायचो. ती सूचना द्यायची, मी ती शब्दशः परत म्हणायचो आणि मी बरोबर म्हटलं की नाही हे ती ऐकायची. या कामाचा कणा हाच आहे. वैमानिकाने सूचना नुसती ऐकली हे पुरत नाही. 'रॉजर' म्हणजे ऐकलं, एवढंच. काय ऐकलं ते त्यातून कळत नाही. धावपट्टीबाहेर थांब, म्हणजे 'होल्ड शॉर्ट', ही सूचना तर पूर्ण परत म्हणवून घ्यावीच लागते.

"खरवई वन, होल्ड शॉर्ट, रनवे वन एट."

"होल्डिंग शॉर्ट, रनवे वन एट, खरवई वन."

एखाद्या सकाळी मी उशीर केला तर ती म्हणायची, "खरवई वन, इंधन भरताय की चहा पिताय? मागे लाइन लागलीये."

पहिली चूक माझी होती आणि ती मुद्दाम केलेली नव्हती. शुक्रवार होता. आई बाहेर गेली होती आणि गॅसवरचं दूध वर येताना मला दिसलं. कानात सूचना आली : खरवई वन, होल्ड शॉर्ट. मी "रॉजर" म्हणालो आणि गॅस बंद करायला धावलो. परत आलो तोवर ती बारवी टूला उतरण्याची परवानगी देऊन मोकळी झाली होती. मला वाटलं, आता थांबवेल. तिने थांबवलं नाही. सराव संपल्यावर पट्ट्या गोळा करत म्हणाली, "आज मस्त झालं, दादा."

डेस्कवर मी खिशात लहान वही ठेवतो. त्या दिवशी तिच्यात लिहिलं : ९.४०. होल्ड शॉर्ट. रॉजर. सोडलं.

पुढच्या दहा दिवसांत मी मुद्दाम आणखी आठ वेळा नुसतं रॉजर म्हणालो. सगळे मिळून नऊ. त्यातले तीन तिने पकडले, सहा सोडले. सहाही वेळा दुसरं विमान उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात होतं. म्हणजे एक विमान खाली येत असलं की तिचा कान तिकडे जायचा आणि जमिनीवरच्या विमानाचा नुसता आवाज तिला पुरायचा. चौथ्या दिवशीच मला हे स्पष्ट झालं होतं. सांगायला एक वाक्य लागलं असतं. डेस्कवर असा नियम आहे की दिसलेली चूक ज्याने दुरुस्त केली नाही, ती त्याची चूक. मी नवीन मुलांना तो नियम शिकवतो.

मी तो इथे पाळला नाही, याचं कारण मत्सर. दुसरा शब्द मी शोधला, सापडला नाही. त्या हेडफोनमधून तिचा आवाज यायचा तेव्हा तो घरातला आवाज नसायचा. सपाट, नेमका, न अडखळणारा. तो आवाज माझ्यापाशी असता तर मी तिथे असतो. तो तिला कुठल्याही प्रयत्नाशिवाय मिळाला होता आणि त्यात एक भोक आहे हे फक्त मला ठाऊक होतं. सोडलेला प्रत्येक रॉजर वहीत लिहिताना मला बरं वाटायचं.

सोमवारी, परीक्षेच्या आदल्या सकाळी, आम्ही शेवटचा सराव केला. पप्पा पेपर वाचत होते. बहीण हेडफोन काढून बाल्कनीत आली.

"दादा, खरं सांग. काही चुकतंय का माझं?"

"नाही."

"लहानसं काही? तू डेस्कवाला आहेस, तुला दिसतं."

"ठीक चाललंय," मी म्हणालो.

"पोरी, डोकं नको खाऊ त्याचं," पप्पा आतून म्हणाले. "तो काय कमी मेहनत घेतोय तुझ्यामागे?"

मंगळवारी अकरा वाजून वीस मिनिटांनी तिचा फोन आला. मला.

"दादा, वाट लागली."

"काय झालं?"

"होल्ड शॉर्ट दिलं. तो नुसतं रॉजर म्हणाला. मी सोडलं. घरी असं एकदा पण नाही झालं ना?"

मी म्हणालो, "घरी ये."

ती अडीचला आली. मी कार्यालयात कळवून सुट्टी घेतली होती. आईने ताट वाढलं, ती जेवली नाही. मी वही तिच्यासमोर ठेवली. तिने उभ्यानेच वाचली. चारच पानं होती, पण ती दोनदा मागे गेली.

"हे सगळे रॉजर मुद्दाम?"

"पहिला नाही."

"काल मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा माहीत होतं."

पप्पांनी विचारलं, "काय माहीत होतं?"

"तुझ्या व्हॉइस टेस्टमुळे?" ती म्हणाली.

"हो."

"ती मी घेतली नव्हती, दादा."

वही घेऊन ती आत गेली. पप्पांना आणि आईला काय झालं ते मी सांगितलं. आईने ताट झाकलं. पप्पा मला म्हणाले, "कारखान्यात ढिला नट बघून कोणी पुढे गेला असता ना, त्याला गेटबाहेर काढला असता." त्या विषयावर ते एवढंच बोलले.

दुसरी संधी पाच आठवड्यांनी होती. त्या मंगळवारनंतरच्या तिसऱ्या सकाळी मी नऊ वाजता बाल्कनीत गेलो तेव्हा माझ्या खुर्चीवर पप्पा बसले होते. कानाला माझा हेडफोन, डोळ्यांवर चष्मा आणि हातात बहिणीने मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद.

"खरवई वन, होल्ड शॉर्ट, रनवे वन एट."

"रॉजर, साहेब."

"पप्पा, साहेब नाही म्हणायचं. आणि नुसतं रॉजर नाही चालत. खरवई वन, रीड बॅक होल्ड शॉर्ट."

"होल्ड... थांबलोय ना मी, बाई. इथेच बसलोय."

आई हसून ओट्याला टेकली. आतून बहिणीचंही हसू ऐकू आलं. त्या घरात दोन दिवसांनी कोणी हसत होतं. मी दात घासायला निघून गेलो.

पप्पांना इंग्रजी वाक्यं लक्षात राहत नसत. अडलं की ते रॉजर म्हणत आणि ते सारखेच अडत. एका सकाळी मी स्वयंपाकघरात बसून मोजले : एकवीस. एकवीसही वेळा, वर दुसरं विमान असो वा नसो, तिने त्यांना थांबवलं. जे मी तिला नऊ रॉजरमध्ये सांगितलं नाही, ते ती पप्पांच्या चुकांवर शिकत होती. मला आता तिच्या आवाजाबरोबर पप्पांच्या त्या खुर्चीचाही हेवा वाटू लागला.

एप्रिलच्या सुरुवातीला पप्पांना हयातीच्या दाखल्यासाठी बदलापूरला बँकेत जायचं होतं. मी बाल्कनीतल्या खुर्चीवर बसलो आणि तिला म्हणालो, "आज मी बसतो. सगळं बरोबर म्हणेन."

"नको," ती पट्ट्या लावत म्हणाली. "आईला घेते."

"आईला इंग्रजी?"

"म्हणूनच."

आई पदराला हात पुसत बाल्कनीत आली आणि मला म्हणाली, "ऊठ रे. विमान माझं आहे."

दुसरी परीक्षा एप्रिलमध्ये, एका गुरुवारी झाली. वेळ सकाळी साडेदहा. मी घरी होतो. फोन पूर्ण चार्ज करून जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. आई दोनदा खिडकीपर्यंत जाऊन आली.

बारा वाजून पाच मिनिटांनी पप्पांचा मोबाईल वाजला. तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. त्यांनी तो काढला, कानाला लावला आणि काही वेळ ऐकत राहिले.

"रॉजर," ते म्हणाले.

पलीकडून ती काहीतरी बोलली. पप्पा खुर्चीत सरळ बसले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा म्हणाले, "रेटिंग मिळालं. टॉवर. उद्यापासून एकटी. चार वाजता घरी. जेवायला थांबा."

फोन दोन मिनिटं सहा सेकंद चालला. माझ्या फोनवर त्या दिवशी तिचा कॉल नाही.