ज्याचं शेत, त्याचा हात खाली

बँकॉकच्या त्या सभागृहात शिरताना आमचे पाचही विद्यार्थी एकदम गप्प झाले. बुऱ्हाणपूरला गाडीत बसल्यापासून हे पहिल्यांदाच घडत होतं. छत इतकं उंच होतं की दिवे कुठून टांगलेत ते शोधावं लागत होतं. अर्धगोलात मांडलेल्या टेबलांवर देशांच्या नावांच्या पाट्या होत्या. बातमीदारीत आयुष्य गेल्यामुळे कुठेही गेलो की मी आधी खुर्च्या मोजतो. तिथे तिसऱ्या ओळीनंतर मोजणं सोडून दिलं आणि नुसता बघत उभा राहिलो.

निवृत्तीनंतर मी बुऱ्हाणपुरातल्या लालबागच्या एका शाळेत आठवड्यातून दोन दिवस मुलांना लिहायला शिकवतो. परदेशी जाणाऱ्या मुलांसोबत दोन मोठी माणसं हवी होती. एक बाई होत्या, दुसरा मी. परिषद लुटुपुटीची, पण नियम खऱ्या राजनैतिक परिषदेसारखे. प्रत्येक विद्यार्थ्याला एक देश मिळतो. त्याने त्या देशाच्या वतीने बोलायचं, ठराव लिहायचा, मतं मिळवायची.

आमच्यातल्या एका मुलीला जगभर केळी विकणारा देश मिळाला होता. विषय होता सीमा ओलांडणारे पिकांचे रोग. तिच्या वडिलांचं केळीचं शेत जवळच्याच फोपनार गावच्या शिवारात आहे. आदल्या वर्षी त्यांच्या झाडांच्या पानांवर पिवळे पट्टे दिसले. गावात ते पहिले. ते लपवता आले असते. त्यांनी लोकांना बोलावून दाखवले. झाडं उपटायची की नाहीत यावर बैठक बसली आणि हात वर झाले, तेव्हा वडिलांनी आपला हात मांडीवरच ठेवला. तिथली रीत तशीच आहे. ज्याच्या शेताचा निर्णय, त्याने मत द्यायचं नाही. झाडं उपटली, पुरली. पण बातमी व्यापाऱ्यांपर्यंत गेली आणि त्यांनी त्या सगळ्या पट्ट्यातली कापणी थांबवली. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याचे तयार घड उभ्या झाडावरच पिकून वाया गेले. तेव्हापासून त्या दोन घरांत बोलणं नव्हतं.

मुलीला ठरावात एकच कलम घालायचं होतं: जो देश आपल्याकडचा रोग आधी सांगेल, त्याच्या निरोगी मालाची खरेदी कुणी थांबवू नये.

"काका, हे पास झालं पाहिजे," ती गाडीत मला म्हणाली होती. "इतके देश हो म्हणाले तर बाबा चुकले नव्हते, बस."

निघताना स्टेशनवर तिच्या वडिलांनी विचारलं होतं, "भाऊ, तिथे पोरीचं कोणी ऐकीन का?" मी माहीत नाही म्हणालो. ते खरं होतं.

पहिल्या सकाळी हॉटेलच्या नाश्त्यात केळी होती. तिने एक उचलून फिरवून पाहिलं. "घाई केली कापायची. अजून आठ दिवस पाहिजे होते."

"खा ना मॅडम," सोबतचा मुलगा म्हणाला. "इथे भाव नाही काढायचा."

"तू गप्प बैठ. तुला तर कच्चं-पक्कं कळत नाही."

कलमाला विरोध होता तो सगळ्यात मोठ्या खरेदीदार देशाचा. त्या देशाच्या जागी आखूड केसांची, सहज इंग्रजी बोलणारी एक मुलगी होती. तिचा मुद्दा सरळ होता: रोग माहीत असूनही माल घ्यायचा, तर आमच्या शेतकऱ्यांना कोण वाचवणार? मुद्द्यात वजन होतं. आमची मुलगी दोन दिवस टेबलाटेबलापाशी जाऊन उभी राहिली. इंग्रजी अडलं की हातांनी दाखवायची: झाड कसं उपटतात, किती खोल पुरतात. लोक ऐकत होते. मी मागच्या रांगेतून ते पाहत होतो.

तिसऱ्या दिवशी त्या कलमावर वेगळं मतदान झालं. अध्यक्ष एकेका देशाचं नाव घेत होते. तिच्या देशाचं नाव आलं.

"तटस्थ," ती म्हणाली.

अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. ती पुन्हा तेच म्हणाली. मोजणी झाली: सोळा बाजूने, सोळा विरोधात. बरोबरी म्हणजे कलम पडलं.

"पागल आहेस का?" सोबतचा मुलगा दबक्या आवाजात ओरडला. "तुझंच तर होतं!"

"म्हणून तर," ती म्हणाली.

खरेदीदार देशाच्या मुलीने उभं राहून विचारलं, स्वतःच्याच कलमाला मत का दिलं नाही? आमच्या मुलीने मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आमच्या गावात ज्याचं शेत असतं तो हात वर करत नाही. कुणी हसलं नाही.

परिषदेच्या नियमाप्रमाणे विरोधात मत दिलेल्यालाच फेरमतदान मागता येत होतं. खरेदीदार देशाच्या मुलीने ते मागितलं. पुन्हा नावं सुरू झाली. आमची मुलगी पुन्हा तटस्थ राहिली. आता तिला निकाल माहीत होता, तरी राहिली. मग खरेदीदार देशाचं नाव आलं.

"तटस्थ," ती मुलगी म्हणाली. "विकणाऱ्याचं शेत असेल, तर घेणाऱ्याचं ताटही आहे. मीही हात खाली ठेवते."

सोळा बाजूने, पंधरा विरोधात. मी अनेक निवडणुकांचे निकाल मोजले आहेत. हे आकडे मात्र मी वहीत दोनदा लिहिले.

बुऱ्हाणपूरला वडील न्यायला आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"दुसऱ्या खेपेलेही तू हात खालीच ठेवला?"

"हो."

"आन् त्या पोरीनं?"

"तिनं पण."

त्यांनी तिची पिशवी उचलून खांद्यावर घेतली. मग माझ्याकडे वळले. "भाऊ, तुम्ही चला आमच्यासोबत शेजाऱ्याकडे. आम्ही दोघं सांगू तर तो म्हणीन, आपलंच शेत, आपलंच तोंड. तुम्ही सांगा."

रिक्षाने आम्ही थेट तिथे गेलो. शेजारी ओट्यावर बसला होता. मी आधी काय झालं, मग काय झालं, ते क्रमाने सांगितलं. पहिल्या मोजणीचे आकडे त्याने दोनदा सांगायला लावले.

"पडलं होतं? हिच्याच एका मतानं?"

"हो."

त्याने मुलीकडे पाहिलं, मग फाटकाकडे. वडील अजून फाटकाबाहेरच उभे होते.

"पाणी आणा," त्याने घरात हाक मारली. "तिघं आलेत."