शेवटचा शब्द

रॅप करणारी चौघं परवा माझ्या दुकानात भाड्याचा स्पीकर वाजवून बघायला आली. सोनल माईकवर सुसाट बोलत होती, पण प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द मागची तिघं म्हणत. मला वाटलं, हिला पाठच नाही, आणि तसं मी बोलूनही दाखवलं.

"पाठ आहे, काका," त्यांतला एक हसला. "तेवढ्यात ती श्वास घेते."

"मग पुढची ओळही तूच म्हण की. माईक तुझ्याही हातात आहे."

"ओळ तिची आहे ना."

मी पुन्हा कान देऊन ऐकलं. खरंच, शब्द झाला की तिघं गप्प.

माझा भागीदार एकदा गिऱ्हाइकासमोरून उठून गेला, तो परतलाच नाही. त्याच्यावरचा माझा राग अजून उतरलेला नाही. बोलताना तो अडखळायचा. मी त्याचं वाक्य पुरं करायचो आणि पुढचंही सगळं मीच बोलायचो. मला ती मदत वाटायची.

स्पीकर पसंत पडला. सोनल म्हणाली, "काका, भाड्याचा शेवटचा शब्द सांगा."

मी सवयीने तोंड उघडलं आणि नुसता श्वास घेतला.

"आधी तू बोल," मी म्हणालो.