सॅनिटायझरला पुरून उरलेलं पेन

"हात दाखवा बघूं," म्हणत अण्णा आधी गिऱ्हाइकाचा पंजा हातात घ्यायचे, अंगठ्याने तळवा चोळायचे आणि डोळे मिटायचे. कुंभकोणममध्ये असं करणारा माणूस ज्योतिषीच असणार, असं तुम्हीही धरून चालला असता. देवदर्शनाला आलेल्या एका बाईंनी एकदा लगेच विचारलं, "मुलीचं लग्न कधी जमेल?" अण्णा म्हणाले, "ते मज ठाऊक नाही, अम्मा. पण तुमच्या हाताला घाम फार. मेण टिकायचं नाही."

अण्णा लाकडी पेनं करायचे. वीणा करणाऱ्यांकडून फणसाच्या लाकडाचे उरलेसुरले तुकडे आणायचे आणि माझ्या स्टेशनरीच्या दुकानाशेजारी, स्वतःच्या घराच्या ओट्यावर, छोट्या लेथवर कातायचे. आम्ही दोघेही तंजावरी मराठी. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी तमिळ, आणि भांडताना जे आधी तोंडात येईल ते.

कातणं कोणालाही येतं, म्हणायचे. डोकं लागतं ते वरच्या थराला. कोरड्या हाताला मेण, शाळामास्तराला तेल, घामट वकिलाला लाख. लाखेवर त्यांचा फार जीव. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख फडक्याने चढवत बसले की जेवायला मारलेली हाकही ऐकू जायची नाही.

त्यांची एकुलती मुलगी चेन्नईला डॉक्टर. तिला नोकरी लागली तेव्हा अण्णांनी लाखेचं पेन दिलं. पोंगलला ती आली, तर पेन चिकट, पांढुरकं, बोटांचे ठसे उमटलेलं. ती दिवसभर हाताला सॅनिटायझर चोळणार, त्यात स्पिरिट, आणि लाख विरघळते ती स्पिरिटमध्येच. "हाताला चिकटतं, अप्पा. ड्रॉवरमध्येच ठेवलं होतं," एवढंच ती म्हणाली. अय्यो! त्या दिवशी अण्णा जेवले नाहीत. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आपण केलेलं काही दाखवावं असं त्यांना त्या मुलीशिवाय कोणी नव्हतं.

मग सुरू झालं. व्हार्निश लावलं, त्याचे पापुद्रे निघाले. तेल पुसून जायचं. शेवटी कोणीतरी सुपरग्लू सुचवला. फिरत्या लाकडावर थेंब सोडायचा, पसरायचा, वाळला की घासायचा, पुन्हा सोडायचा. काचेसारखा कडक थर बसतो. पण त्याच्या वाफेने अण्णांचा दमा उठायचा.

"सोडा हा नाद," मी म्हटलं. "एका पेनापायी जीव द्याल."

"उगी राहा तूं," ते खोकत म्हणाले. "तुझी मुलगी घरांत आहे."

मी खोकल्याचं औषध आणून दिलं.

पेन तयार झालं तेव्हा माझ्याच दुकानातला सॅनिटायझर कॉफीच्या टंबलरात ओतून त्यांनी ते दिवसभर बुडवून ठेवलं. ढिम्म! सांध्यातून थेंबही शिरू नये म्हणून टोकाच्या सांध्यावरूनसुद्धा थर चढवला होता. "कोठें जोडलंय, दाखव," म्हणाले. मी उन्हात धरून बघितलं, मला सापडेना. अण्णा लहान मुलासारखे हसले.

पेन चेन्नईला गेलं. दर रविवारी फोनवर ते विचारायचे, "पेन कसं आहे?" ती म्हणायची, "चांगलं आहे, अप्पा." फोन ठेवून मला सांगायचे, "चांगलं आहे म्हणे. म्हणजे पडलंय ड्रॉवरांत." आधी हे हसून सांगायचे. मग न हसता. मग विचारणंच सोडलं. लेथवर जुनं धोतर टाकलं आणि हात दाखवायला आलेल्यांना "आतां करत नाही" म्हणू लागले.

गेल्या उन्हाळ्यात दुपारी जेवून आडवे झाले, ते उठले नाहीत. निरोप आला तेव्हा मी वह्यांचा गठ्ठा सोडत होतो. वह्या फळीवर लावल्या आणि मग गेलो. रडू येईल असं वाटलं होतं, नाही आलं. अजूनही आलेलं नाही. दाढ काढल्यावर बधीर हिरडीवर जीभ फिरवावी, तसा मी त्या ओट्याकडे बघतो. काही लागत नाही.

संध्याकाळी मुलगी पोचली. आमच्याकडे माणूस गेला की गल्लीच्या भिंतींवर त्याचं पोस्टर लागतं. पोस्टरवाला दारात उभा होता, त्याला नाव आणि वय लिहून हवं होतं. तिने न बघताच पर्समधून पेन काढलं. मी ओळखलं. एक ओरखडा नव्हता. तिने कागदावर टेकवलं, मग काहीतरी आठवल्यासारखं टोपण लावलं आणि माझ्यापुढे हात केला. "काका, पेन द्या ना."

"आणि हे?"

"संपलंय. कधीचंच. रिफिल बदलायला उघडत नाही, सगळ्यावरून थर बसलाय."

दिवसभर रिफिली विकणारा मी. मलाही सुचलं नव्हतं.

"मग अण्णांना सांगायचं नाही?"

"पहिल्याचं सांगितलं तर दमा वाढवून घेतला, काका. हे सांगितलं असतं तर पुन्हा तो गोंद घेऊन बसले असते."

मी खिशातलं बॉलपेन दिलं. तिने तमिळमध्ये अप्पांचं नाव लिहिलं, खाली वय लिहिलं. अण्णा आत विभूती लावून निजवलेले. जवळ जाऊन कानात सांगावं असं फार वाटलं, "अण्णा, वापरून वापरून संपवलं हो तिने." पण आत माणसं बसली होती. मी दारातच उभा राहिलो.