मी न्यायला येणार नाही

जपानमध्ये सेंदाईजवळ किनाऱ्याला राहायला आलो तेव्हा पहिलीतल्या लेकीला मी एकच शिस्त लावली होती: काही झालं तरी कोपऱ्यावरच्या कोन्बिनी दुकानाच्या दारात थांबायचं, आई न्यायला येते. पुण्यात माझ्या आईनं मला याच वाक्यावर वाढवलं. त्यात काही चूक असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं.

शेजारच्या आजींना ते पटलं नाही. त्सुनामीच्या मोठ्या लाटेत त्यांचे यजमान गेले होते. "तिला सांगा, आई येणार नाही," त्या म्हणाल्या. "जमीन हलली की टेकडीवरच्या देवळात पळायचं. तुम्हीही परस्पर तिथंच जा." इथल्या घराघरांत मुलांना हेच शिकवतात. मला संताप आला. सहा वर्षांच्या पोरीला कुठली आई असं अभद्र सांगेल? मी हसून विषय बदलला आणि घरी येऊन नवऱ्यापाशी आजींच्या नावानं तोंडसुख घेतलं.

मग एका दुपारी, शाळा सुटायच्या वेळेला, भूकंपाच्या इशाऱ्यानं फोन किंचाळला. जमीन बराच वेळ हलत राहिली. मी उतारावरून खाली धावले, समुद्राकडे. आजी वर चढत होत्या. "वर चला," एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या नाहीत. लेकीच्या वर्गातली मुलं त्यांच्या मागून चालली होती. माझी तेवढी नव्हती. ती कोन्बिनीच्या दारात उभी होती, पिवळी टोपी घालून. दुकानातला माणूस तिला ओढत होता आणि ती दाराची दांडी सोडत नव्हती. "आई येणार आहे," असं त्याला जपानीत सांगत होती.

पाणी त्या दिवशी बंदराच्या धक्क्यापर्यंत येऊन परतलं. लेकीला ओढत वर आणून मी देवळाच्या पायरीवर बसले होते. आजी शेजारी टेकल्या. "आमचे हे वर पोचले होते," त्या म्हणाल्या. "मला शोधायला खाली उतरले. मी शाळेच्या गच्चीवर होते." त्यानंतर कित्येक वर्षं त्यांना या पायऱ्या चढवल्या नाहीत. आता रोज चढतात. गुडघ्यांच्या नावानं कुरकुरतात, पण चढतात.

मी लेकीला आजींचं ते वाक्य सांगितलं: मी न्यायला येणार नाही. जीभ रेटत नव्हती. "मग तू कुठं असशील?" तिनं विचारलं. वर, मी म्हणाले. हे ऐकून पुण्याहून आईनं मला फोनवर चांगलंच झापलं.

गेल्या महिन्यात पुन्हा हादरे बसले. मी वर चढले. बाकीची मुलं आली, माझी दिसेना. खाली भोंगा वाजत होता. माझे पाय पायऱ्यांकडे वळले तशी आजींनी माझं मनगट धरलं, दुखेपर्यंत. मला त्या क्षणी त्यांचा राग आला, आणि स्वतःचा त्याहून जास्त.

मागच्या पायवाटेनं पिवळी टोपी वर आली. धापा टाकत ती माझ्यासमोर उभी राहिली.

"तू खरंच आली नाहीस," ती म्हणाली.